कारण सांगायचं नाही

(दृश्य : सिव्हिल लाइन्स. उच्च न्यायालयाची घुमटाची इमारत, समोर वकिलांची वर्दळ.)

नागपुरात आणीबाणीचा विषय निघाला की आधी रेल्वे स्टेशन आठवतं. 30 जून 1975 ला सरसंघचालक बाळासाहेब देवरसांना तिथं अटक झाली, रवानगी येरवड्याला. चार दिवसांनी संघावर बंदी. हे शहराला तोंडपाठ आहे. या इमारतीत काय झालं, ते मात्र वकील मंडळी सोडली तर फारसं कुणी सांगत नाही.

थोडं मागं जाऊ. 1974 हे आंदोलनांचं वर्ष. गुजरातेत विद्यार्थी, बिहारात जयप्रकाश, मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप. तो सरकारनं तीन आठवड्यांत मोडून काढला. हजारो कामगार आत गेले. 12 जून 1975 ला अलाहाबाद उच्च न्यायालयानं इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली आणि 25 च्या रात्री आणीबाणी लागली.

धरपकड फक्त विरोधकांची नव्हती. जयप्रकाशांशी बोला, असं म्हणणारे पुण्याचे मोहन धारिया मार्चमध्येच मंत्रिमंडळाबाहेर गेले होते. आता काँग्रेसचेच चंद्रशेखर तुरुंगात गेले. संघवाले, समाजवादी, जमाते इस्लामीचे लोक, नक्षलवादी... एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे सगळे एका कायद्याखाली आले. मिसा, म्हणजे खटला न चालवता माणसाला डांबून ठेवू देणारा अंतर्गत सुरक्षा कायदा.

(दृश्य : जुना सरकारी कागद, जवळून.)

मिसाचा आदेश वाचायला वेळ लागत नाही. नाव, पत्ता, सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधा आणण्यापासून रोखण्यासाठी स्थानबद्ध करण्यात येत आहे, आणि खाली सही. काय केलं म्हणून, ते नाही. 29 जूनच्या वटहुकमानं ते सांगण्याची गरजच काढून टाकली होती. पुढे आणखी दुरुस्ती झाली आणि अटकेचं कारण हे राज्याचं गुपित ठरलं. कैद्याला तर नाहीच, न्यायालयालाही दाखवायचं नाही!

अशा कागदावर दाद मागायला लोक या इमारतीत, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आले. सरकारचं म्हणणं सोपं होतं : राष्ट्रपतींच्या आदेशानं जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क बजावून घेण्याची वाट बंद केली आहे, तेव्हा हे अर्ज चालूच शकत नाहीत. खंडपीठानं ते मानलं नाही. अटक निदान त्याच कायद्याला धरून आहे की नाही, एवढं तरी न्यायालय तपासू शकतं. मागणी किती माफक होती बघा. अलाहाबाद, दिल्ली, कर्नाटक, मध्य प्रदेश, राजस्थान इथल्या उच्च न्यायालयांनीही सरकारचा आक्षेप फेटाळला.

सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, पोलिसानं वैरापोटी कुणाचा जीव घेतला तर? डे यांचं उत्तर होतं की माझा युक्तिवाद मान्य केला तर आणीबाणी असेपर्यंत त्यावर न्यायालयात दाद नाही. 28 एप्रिल 1976 ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला, सरकारच्या बाजूनं. नागपूरचा निकाल त्यात वाहून गेला. विरोधात एकटे खन्ना.

मग न्यायाधीशांचीही पाळी आली. उच्च न्यायालयांतल्या सोळा जणांच्या बदल्या झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायमूर्ती यू. आर. लळित यांना कायम केलं नाही. जानेवारी 1977 मध्ये खन्नांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ मिर्झा हमीदुल्ला बेग सरन्यायाधीश झाले. खन्नांनी राजीनामा दिला.

(दृश्य : मतपेट्या, संग्रहित चित्रफीत.)

मार्च 1977. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये काँग्रेसची एकही जागा आली नाही, खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. ज्या शहरात संघाचं मुख्यालय, ज्या शहरातून सरसंघचालक पकडून नेले, ते तरी जनता पक्षाच्या मागं उभं राहिलं असेल असं आपण धरून चालतो.

नागपूरनं काँग्रेसचे गेव्ह आवारी निवडून दिले.