सुक्या कचऱ्याचा ठराव घेण्याआधी

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या गोव्यात ग्रामसभेत सुक्या कचऱ्याचा विषय निघाला की सगळा वेळ गाडी आणि शुल्क यांतच जातो. गाडी पंचायतीची की कंत्राटदाराची, घरामागे महिन्याला किती घ्यायचे, भाड्याच्या खोल्यांचे कोण भरणार? प्रश्न रास्त आहेत. पण योजना बहुधा अडते ती गोळा केलेला माल निवडून साठवायच्या शेडमध्ये, आणि शेडबद्दल उठून विचारणारे थोडेच असतात.

आधी हिशेब पाहू. समजा गावात 600 घरे आहेत आणि घरटी आठवड्याला 2 किलो सुका कचरा निघतो. वजन भरले 1200 किलो, फार नाही. पण सुट्या बाटल्या, खोकी, पिशव्या एका घनमीटरात जेमतेम 80 किलो मावतात. म्हणजे 15 घनमीटर झाले. छोट्या टिप्परची पेटी दोनेक घनमीटरची, तेव्हा खेपा आठ. एका दिवसात सगळा गाव उरकण्याचे आश्वासन इथेच फसते. वाडे, म्हणजे गावातल्या वस्त्या, वाटून दोन दिवस ठेवलेले बरे. घरात एवढे करा: बाटली रिकामी करून चेपा आणि झाकण परत लावा, म्हणजे ती पुन्हा फुगत नाही. खोकी उलगडून सपाट करा. दुधाची पिशवी कापताना कोपरा अंगालाच ठेवा. सुटा तुकडा वेचणाऱ्याच्या हाती लागत नाही, गटारात जातो.

आता आपला पाऊस. नुसते पत्रे घालून चालत नाही, आडवा पाऊस आत शिरतो. पुठ्ठा भिजला की भंगारवाला दर पाडतो, नाहीतर उचलतच नाही. मग शेड तुंबते, गाडी रिकामी करायला जागा उरत नाही आणि घरोघरची फेरी चुकू लागते. लोक म्हणतात कामगार येत नाहीत. मूळ कारण ओला पुठ्ठा असतो. म्हणून जोते उंच हवे, तीन बाजूंनी भिंती हव्यात आणि दाबून बांधलेल्या मालाच्या गाठी फळ्यांवर रचायला हव्यात. गाठी बांधायचे यंत्र घेण्याआधी तिथे थ्री-फेज वीजजोड आहे का, तेही विचारा.

सर्वांत अवघड माल वेफर्सच्या पाकिटांचा. त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे भंगारात त्याला गिऱ्हाईक नाही. असा माल सिमेंटच्या भट्ट्यांत जाळायला राज्याबाहेर पाठवावा लागतो. तोही कोरडा हवा, आणि ट्रक भरेपर्यंत कित्येक आठवडे साठवावा लागतो. शेडची जागा ठरवताना हा साठा धरलेलाच नसतो.

‘साळगावचा प्रकल्प आहे ना, तिकडे पाठवू,’ असेही कोणी म्हणते. 2016 मध्ये सुरू झालेला तो कचरा प्रक्रिया प्रकल्प मोठे काम करतो. पण आमटीत भिजलेला कागद कुठलेही यंत्र कोरा करून देत नाही. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवण्याचे काम घरावरच सोपवले. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे द्या. ते हाताने निवडणारी बाई आपल्याच गावात राबते.

तेव्हा येत्या ग्रामसभेत शुल्कावर हात वर करण्याआधी सचिवांकडे तीन कागद मागा: वाड्यांचे वेळापत्रक, शेडमध्ये आलेल्या आणि गेलेल्या मालाची वजनवही, आणि न विकला जाणारा माल कोण, किती दिवसांनी उचलणार याचा लेखी करार. तिसरा कागद नसेल, तर तो येईपर्यंत ठराव पुढच्या सभेवर ठेवा.