पाय कधी उचलायचा
(मुलुंडमधील व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, मी मध्य रेल्वेवर मोटरमन होतो. निवृत्तीनंतर हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात जाणवलं की कमी पेट्रोलमध्ये ही गाडी चालवायला मी लोकलमध्येच शिकलोय.

स्लो लोकल भांडुपहून निघते. वेग पकडेपर्यंत मोटरना वीज द्यायची, मग पॉवर बंद. नाहूरपर्यंतचा बराच पल्ला गाडी नुसती घरंगळत कापते. याला आम्ही कोस्टिंग म्हणायचो. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, त्यामुळे घर्षण फार कमी. मोटारीच्या रबरी टायरना तेवढं साधत नाही, पण तत्त्व तेच.

नवीन लोकल आल्या तेव्हा त्यांची एक गोष्ट मला फार आवडली. ब्रेक लावला की मोटरच जनित्र बनते आणि वीज वरच्या तारेत परत जाते. हायब्रिडमध्ये हीच वीज बॅटरीत जाते. इथेच बहुतेकांची गल्लत होते. त्यांना वाटतं, ब्रेक मारला तरी काय बिघडलं, चार्जिंगच होतंय की! पण वेगाची वीज, विजेचं बॅटरीतलं रसायन, पुन्हा वीज, पुन्हा वेग, या प्रत्येक टप्प्यावर काहीतरी उष्णता होऊन निसटतं. वेग वेगच राहू दिला, तर फक्त हवेच्या आणि टायरच्या घर्षणात जाईल तेवढंच निसटतं.

हिशेब करून बघा. दीड टनाची गाडी 60च्या वेगात असताना तिच्यात सुमारे 208 किलोज्यूल ऊर्जा असते. तेवढी मिळवायला इंजिन साधारण 20 मिलिलिटर पेट्रोल जाळतं. 30च्या वेगात ही ऊर्जा फक्त एक चतुर्थांश. म्हणून सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय उचला. 60ने जवळ जाऊन करकचून थांबलात, तर बॅटरीला त्यातला फक्त काही भाग परत मिळतो.

आता खरी हातोटी, म्हणजे खरं तर पायाची. ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की गाडी हळूहळू ओढ खाते. स्क्रीनवर चाकांकडून बॅटरीकडे बाण दिसतो. पाय अगदी केसभर दाबा. बाण नाहीसे होतात. ना इंजिन, ना मोटर, ना चार्जिंग. ते खरं तरंगणं. रस्ता मोकळा असेल तर 55पर्यंत इंजिनाने नीट वेग घ्यायचा आणि 40पर्यंत असं तरंगत यायचं. पूर्व द्रुतगती मार्गावरच्या उड्डाणपुलांचे उतार तर यासाठी आयतेच. माथ्याच्या थोडं आधीच पाय सैल करा.

न्यूट्रलमध्ये मात्र कधीही टाकू नका. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये 'एन'वर बॅटरी चार्जच होत नाही. बोर घाट उतरताना बॅटरी भरली की ती आणखी वीज घेत नाही. अशा वेळी काही गाड्यांत असलेला 'बी' गिअर वापरा, इंजिन गाडीला धरून ठेवतं.

आत्ता पहिल्या रांगेतून एका ताईंनी विचारलं, "मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला तर?" तर ताई, तरंगणं तिथेच सोडायचं आणि रहदारीच्या वेगाने चालायचं. लोकलमध्ये मागे सिग्नलचं संरक्षण असायचं. रस्त्यावर मागे फक्त त्या माणसाचा ब्रेक असतो.