मिरगाआधीची बेगमी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जिथे कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि भीमगडच्या रानातून म्हादई गोव्याकडे निघते, तिथे पाऊस एकदा लागला की गवाळी, कोंगळा, पास्टोली यांसारख्या गावांची वाट ओढ्यांच्या हाती जाते. म्हणून पावसाळ्याची बेगमी येथे होळी सरताच सुरू होते.

इथल्या एका घरातली, बांबूच्या कामट्यांची, शेणमातीने लिंपलेली ही धान्य साठवायची कणगी पाहा. ती भरण्याआधी अंगणात वाळत घातलेल्या भाताचा एक दाणा घरातल्या आजी दाताखाली धरतात. ‘कट्ट’ असा आवाज आला तर भात वाळले. दाणा नुसताच दबला, तर त्याला आणखी दोन उन्हे द्यावी लागतात, कारण ओल राहिलेले भात श्रावणापर्यंत बुरशी धरते. पुढच्या पेरणीचे वालाचे बी चुलीतल्या चाळलेल्या राखेत घोळवून वाळक्या भोपळ्यात भरतात आणि त्याचे तोंड शेणाने बंद करतात. राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरचे मेणचट आवरण खरवडतात, त्यामुळे त्याच्या शरीरातले पाणी निघून जाते आणि तो मरतो. आजी एवढेच सांगतात, “राखेत बी झोपतं, किडा झोपत नाही.” हे ज्ञान कोणत्याही शाळेच्या तोडीचे आहे, असे आम्हाला मनापासून वाटते.

सरपण चुलीवरच्या माळ्यावर धुरात सुकते, आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, मातीत घोळवून ठेवल्या जातात, भिरंडांची (कोकमांची) सोले उन्हात पडतात. कौले उतरवून पुन्हा बसवण्याचे काम मात्र एका घराला झेपणारे नाही. ते पैऱ्याने होते, आज तुमच्या छपरावर आम्ही आणि उद्या आमच्या छपरावर तुम्ही.

तरीही घरात साठवता येत नाही अशी एक गोष्ट उरतेच, ती म्हणजे उपचार. विषारी साप चावला तर प्रतिविष हाच उपाय आहे आणि ते दवाखान्यातच मिळते. जखम कापण्यात किंवा मंत्र घालण्यात गेलेली वेळ परत येत नाही. हा परिसर 2011 साली अभयारण्य जाहीर झाला, त्यामुळे रस्ता किंवा पूल बांधायचा तर वनखात्याची परवानगी लागते. रान राखले पाहिजे हे या लोकांना कोणी शिकवण्याची गरज नाही. पण आजारी माणसाला दवाखान्यापर्यंत नेणारी वाट हा त्यांचा हक्क आहे, आणि गावाच्या तयारीकडे बोट दाखवून तो टाळता येणार नाही.

ती वाट होईपर्यंत गरोदर बाईला दिवस भरण्याच्या महिनाभर आधीच खानापूर किंवा बेळगावातल्या नातेवाइकांकडे पोहोचवले जाते. पडवीच्या आढ्याला हा जो लांब बांबू टांगलेला दिसतो, त्याला घोंगडे बांधले की आजाऱ्याची झोळी होते. दरवर्षी मिरगाआधी दोन गडी त्याला लोंबकळून पाहतात, आणि बांबू जरासा करकरला तरी त्याच दिवशी रानातून नवा आणतात.