पोकळ झाड तोडण्याआधी एकदा वर बघा: गोव्याच्या रानातल्या पक्ष्यांची घरं

[कॅमेऱ्यासमोर. मागे वाळकं, उंच झाड.]

नमस्कार मंडळी. आज मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आलोय, म्हादई अभयारण्याच्या कडेला. मागे हे जे झाड दिसतंय ना, ते विकायला काढलं तर वखारवाला ढुंकूनही बघणार नाही. अर्धा बुंधा वाळलाय, वरची एक जाडजूड फांदी कधीतरी पावसाळ्यात मोडून पडली आणि जिथून मोडली तिथे भोक पडलंय. आपल्याकडे अशा झाडाचं काय होतं? ‘पोकळ आहे, पडेल कुणाच्या तरी डोक्यावर, घाला कुऱ्हाड.’

गोव्यातले पक्षी वाचवायचे असतील, तर माझ्या मते सुरुवात या भोकापासून करायला हवी.

आधी रानाचा हिशेब पटकन सांगतो. म्हादई, मोले म्हणजे भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला आणि चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य, ही सगळी मिळून साधारण ७५५ चौरस किलोमीटर होतात. राज्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हणजे पाचवा हिस्सा कागदावर राखीव आहे. चोडणची खारफुटी हा वेगळा विषय, त्यावर कधीतरी रायबंदरची फेरी पकडून जाऊ. आज घाटाखालच्या सदाहरित आणि निमसदाहरित रानातच थांबू.

तर धनेश, म्हणजे हॉर्नबिल. मोठा धनेश चोचीपासून शेपटीपर्यंत मीटरभर लांब. तो दिसायच्या आधी ऐकू येतो, डोक्यावरून घाटातली आगगाडी धापा टाकत जावी असा पंखांचा आवाज. शिवाय आपल्याकडे मलबारी कवड्या धनेश आहे, आणि मलबारी राखी धनेश, जो पश्चिम घाट सोडून जगात कुठेच नाही. तिघांची अडचण एकच. एवढी मोठी चोच असून यांना झाड कोरता येत नाही. सुतार पक्षी कोरतो, तांबट कोरतो. धनेशाला तयार ढोली लागते.

आणि ढोली तयार कशी होते? फांदी मोडते, जखमेतून पाणी मुरतं, बुरशी लागते, गाभा कुजत जातो. मोठ्या धनेशाची मादी आत बसेल एवढी पोकळी व्हायला कित्येक दशकं जातात, आणि त्यासाठी झाडही तेवढंच जाड लागतं. दोघांच्या कवेत न मावणारं. दहा वर्षांच्या रोपट्यात हे होणं नाही. त्यामुळे ‘एक तोडलं तर अमुक रोपं लावू’ हे मला जरा हास्यास्पद वाटतं. लावा ना, जरूर लावा. पण यंदाच्या विणीला त्यातलं एकही उपयोगाचं नाही.

[ढोलीचं जवळून दृश्य]

आता नीट बघा. ही उभी फट दिसतेय? मादी ढोलीत शिरते आणि स्वतःच्या विष्ठेनं, फळांच्या गरानं तोंड लिंपून घेते. उरते ती चोच बाहेर येईल एवढीच चीर. आत बसल्यावर तिची उडायची पिसं गळतात. म्हणजे कित्येक आठवडे तिला आणि पिल्लांना जगवणारा नर एकटाच. तो येतो, फांदीवर बसतो, मान मागे घेतो आणि गळ्यातून एकेक फळ वर काढतो. चोचीच्या टोकावर ते फिरवून चिरेतून आत देतो. एक झालं की दुसरं, मग तिसरं. घशात किती मावतात याचं बघणाऱ्याला नवल वाटतं.

झाडाखाली बघितलंत तर बियांचा सडा असतो, आणि त्यातून फुटलेली रोपंही. वर बघून सापडलं नाही, तरी जमीन बघून घरटं कळतं.

फळं कुठली? मुख्य म्हणजे वडाच्या जातीची: वड, पायर, उंबर, म्हणजे आपली रुमड. बाकीच्या झाडांना फळं नसतात तेव्हाही यातलं कुठलं ना कुठलं झाड लगडलेलं असतं. लाकूड म्हणून या झाडांना भाव नाही आणि दारच्या औदुंबराला दत्तगुरूंमुळे कुणी हात लावत नाही, हे आपलं नशीब. शिवाय रानटी जायफळं आहेत, बिल्लमाड, म्हणजे भेरली माड आहे. ज्या काजऱ्याच्या बिया आपल्याला विष, त्याच्या फळांवर कवड्या धनेश खुशाल ताव मारतो.

याच रानात मलबारी कर्णा हा पक्षी राहतो, लाल छातीचा. तो उभ्या, कुजक्या खुंटात बीळ करून अंडी घालतो. रान ‘साफ’ केलं की पहिला खुंट जातो, आणि त्याबरोबर कर्णा. दाट सावलीतून तो फारसा बाहेर पडत नाही, रुंद मोकळा पट्टा त्याला ओलांडवत नाही. म्हणून मोलेच्या रानातून जाणाऱ्या रेल्वे, रस्ता आणि वीजवाहिनीवर एवढं रान उठलं होतं. रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये रद्द केली, ते बरंच झालं म्हणायचं.

पण सगळं खापर सरकारवर फोडून चालणार नाही. काजूचा हंगाम आठवा. बोंडू पडले की दिसावेत म्हणून बागायतीतलं झुडूप काढायचं, पाचोळा गोळा करायचा आणि काडी लावायची. नेमके तेच फेब्रुवारी-मार्चचे दिवस धनेशाच्या विणीचे. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या डोंगरांत वणवे पेटले, कारणांवर बराच वाद झाला. कारण काहीही असो, पिसं गळलेली मादी बंद ढोलीतून पळणार कुठे? पाचोळा न जाळता झाडांच्या बुंध्याशी घातला तर ओल टिकते, पुढे खतही होतं. कष्ट थोडे जास्त पडतात, ते कबूल.

दुसरी गोष्ट रायांची. देवराई, आपल्या बोलीत राय. सत्तरीत बांबरला निरंकाराची राय आहे, रानटी जायफळांची दलदल. मुळं गुडघ्यासारखी चिखलातून वर आलेली. राखणदाराच्या, म्हणजे रायीच्या रक्षक देवाच्या धाकानं इथे पिढ्यान्‌पिढ्या कुणी फांदी मोडली नाही. पण हल्ली काही गावांत देवळाचा जीर्णोद्धार निघाला की सिमेंटच्या सभामंडपाला जागा हवी म्हणून सगळ्यात जुन्या झाडावर बोट ठेवलं जातं. गावाच्या बैठकीत तेव्हा कुणीतरी तोंड उघडायला हवं. मंडप चार हात सरकवता येतो.

आणि हो, कॅमेरेवाल्यांनो, तुम्हालाही सांगायचंय. तांबडी सुर्ला, बोंडला भागात बेडूकमुखी पक्ष्याची जोडी दिवसा सुक्या पानासारखी गुमान बसलेली असते. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला हलवू नका. धनेशाच्या ढोलीसमोर ठाण मांडून तर बसूच नका. माणूस दिसला की नर फळं घेऊन परत फिरतो आणि आतली उपाशी राहतात.

कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या कोपऱ्यात एखादं वाळकं झाड उभं असेल आणि ते घरावर किंवा वाटेवर येत नसेल, तर राहू द्या. धोका वाटत असेल तर नुसत्या वरच्या फांद्या छाटा, बुंधा ठेवा. तुमच्या वाडीत ढोली असलेलं झाड असेल, तर खाली लिहा: कुठलं झाड, ढोली किती उंचीवर, आत कोण राहतं. गावाचं नाव आणि नकाशावरची खूण मात्र टाकू नका.