लाकडाच्या आतला स्क्रू

श्रोतेहो, नमस्कार.

उघड्यावर अनेक पावसाळे काढलेल्या एका लाकडी बाकाची फळी मध्यंतरी मी सोडवत होतो. स्क्रूचे डोके अजून बऱ्यापैकी चकचकीत होते आणि पेचकसही खाचेत नीट बसला होता; पण अर्धा वळसाही पुरा होण्याआधी ते डोके तुटून हातात आले. उरलेला तुकडा पकडीने ओढून काढला, तेव्हा दिसले की दोन फळ्या जिथे एकमेकींना टेकतात, नेमक्या त्याच जागी स्क्रू झिजून दाभणाइतका बारीक झाला होता आणि भोवतालचे लाकूड काळे पडून बोटाने भुगा होण्याइतके भुसभुशीत झाले होते. लाकूडकामासाठी गंजरोधक स्क्रू निवडायचे, तर विचार या न दिसणाऱ्या भागाचा करायला हवा. निवड मात्र बहुतेक वेळा डोक्याचा रंग आणि चकाकी पाहूनच होते.

आतला भाग आधी का गंजतो, हे समजून घेऊ. डोक्याला हवेतला ऑक्सिजन भरपूर मिळतो आणि पाऊस थांबला की ते वाळते. दांडा मात्र ओल्या लाकडात, ऑक्सिजन कमी असलेल्या जागी अडकून पडतो. एकाच धातूच्या दोन टोकांना अशी वेगवेगळी परिस्थिती मिळाली की त्यांच्यात बारीकसा विद्युतप्रवाह सुरू होतो आणि ऑक्सिजन कमी मिळणारे टोक झिजू लागते. त्यात लाकूड स्वतःच आम्लधर्मी असते. त्यातून हळूहळू ॲसेटिक आम्ल सुटत राहते, आणि ओक किंवा लाल सीडर यांसारख्या लाकडांचा सामू, म्हणजे आम्लपणा मोजणारा पीएच आकडा (तो सातपेक्षा जितका कमी, तितके आम्ल तीव्र), चारच्याही खाली असू शकतो. ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्यही भरपूर असते. लोखंडाशी त्याचा संयोग झाला की निळसर काळा डाग उमटतो. टॅनिन आणि हिराकस (लोखंडाचा एक क्षार) यांपासून पूर्वी लिहिण्याची शाई होत असे, तीच ही क्रिया. स्क्रूच्या डोक्याखालून फळीवर उतरलेला काळा ओघळ दिसला, तर मुलामा कुठेतरी फुटून आतले लोखंड उघडे पडले आहे असे समजावे. या सगळ्याला पाणी मात्र लागतेच. लाकडातील ओलावा साधारण १८ ते २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर गंजण्याची क्रिया जवळजवळ थांबते, म्हणून घरातल्या कोरड्या कपाटासाठी साधा मुलामा दिलेला स्क्रू पुरेसा असतो.

उघड्यावरच्या कामाला जस्ताचा आधार घ्यावा लागतो. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने ते आधी स्वतः झिजते आणि थरावर ओरखडा पडला तरी जवळच्या लोखंडाला वाचवते. त्यामुळे थर किती जाड आहे, यावर स्क्रूचे आयुष्य ठरते. विजेच्या साहाय्याने दिलेला चकचकीत मुलामा बहुधा ५ ते ८ मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर) जाडीचा असतो; वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या वस्तूवरचा राखाडी, किंचित खडबडीत थर ४० मायक्रोमीटरच्या वर जातो. मध्यम गंजकारी हवेत उघड्यावरचे जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रोमीटर झिजते. झिजण्याचा वेग जास्तीत जास्त धरला, तर ६ मायक्रोमीटरचा थर तीन वर्षांच्या आत संपतो आणि ५० मायक्रोमीटरचा थर वीस वर्षांहून अधिक टिकतो. ओल्या लाकडात हा हिशेब आणखी कडक होतो. सोनेरी पिवळ्या स्क्रूंबद्दल एक गैरसमज आहे, तोही येथे दूर करतो: तो पिवळा रंग जस्तावरच्या एका अतिशय पातळ रासायनिक संस्काराचा असतो, त्यामुळे खालचे जस्त जाड होत नाही. जिप्समच्या पत्र्यांसाठी बनवलेले काळे स्क्रू तर बाहेरच्या लाकडात कधीच वापरू नयेत. त्यांच्यावरचा फॉस्फेटचा थर गंजापासून फारसे संरक्षण देत नाही, आणि कडक केलेले ते पोलाद फळी फुगली-आकसली की मोडते.

कीड आणि कुजणे टाळण्यासाठी ज्या लाकडात तांब्याची संयुगे मुरवलेली असतात, त्याच्याबाबत अधिक सावध राहायला हवे. तांबे आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की काय होते, याचा धडा ब्रिटिश आरमाराला फार पूर्वी मिळाला होता. १७६१ साली ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकण्यात आले. दोनच वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे कुजलेले आढळले, आणि पत्र्याच्या वेष्टनाचा कागद मध्ये चुकून राहिला होता तिथले खिळे शाबूत होते. लाकडातल्या विरघळलेल्या तांब्याचेही तसेच होते: ते जस्तावर आणि लोखंडावर जमा होत जाते आणि त्यांना झिजवते. २००३ च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती बांधकामासाठी आर्सेनिक व क्रोमियम असलेले जुने मिश्रण बंद झाले. त्याच्या जागी आलेल्या मिश्रणांत तांब्याचे प्रमाण वाढले आणि गंज रोखणारे क्रोमियम राहिले नाही, त्यामुळे पूर्वी चालून जाणारे पातळ मुलाम्याचे स्क्रू तिथे टिकेनासे झाले. अशा लाकडासाठी जाड जस्ताचा थर, जस्तावर पॉलिमरचे थर चढवलेला आणि तशा लाकडासाठीच बनवल्याचे स्पष्ट लिहिलेला स्क्रू, किंवा स्टेनलेस पोलाद, एवढेच पर्याय मी मानतो.

स्टेनलेसमध्येही ३०४ आणि ३१६ या दोन प्रतींमधला भेद पाहावा. ३१६ मध्ये मिठामुळे होणारा गंज रोखणारा मॉलिब्डेनम हा धातू दोन ते तीन टक्के असतो, म्हणून समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात तेच घ्यावे. हे दोन्ही प्रकार कडक केलेल्या पोलादापेक्षा मऊ असतात आणि घट्ट लाकडात पिळताना तुटतात. धातूच्या पट्ट्यांशी जोडही जुळायला हवी: स्टेनलेसच्या मोठ्या पट्टीत जस्ताचा लहान स्क्रू बसवला, तर मोठ्या पृष्ठभागाचा सारा भार त्या लहान स्क्रूवर येतो आणि त्याचे जस्त झपाट्याने संपते.

वेष्टनावर मिठाच्या फवाऱ्यात ‘अमुक तास’ टिकल्याचे छापलेले असते. त्या चाचणीत ३५ अंश सेल्सियसला पाच टक्के मिठाचे पाणी सतत फवारतात. खऱ्या हवेत मात्र ओले-कोरडे असे चक्र चालते, जस्तावर कार्बोनेटचा संरक्षक पापुद्रा बसायला वेळ मिळतो, आणि लाकडाचे आम्ल व तांबे तर त्या चाचणीत नसतातच. म्हणून तासांचा आकडा एकाच प्रकारच्या मुलाम्यांची तुलना करण्यापुरता वापरावा. त्यावरून वर्षे मोजू नयेत.

उत्तम स्क्रूचाही मुलामा बसवताना खरवडला जातो. घट्ट लाकडात आधी ड्रिलने योग्य मापाचे भोक पाडले की आट्यांवरचा थर वाचतो. चांदणीच्या आकाराच्या खाचेत ड्रायव्हरचे टोक घसरत नाही, त्यामुळे डोकेही सोलत नाही. डोके फळीच्या पातळीशी आले की थांबावे, कारण ते आत बुडवले तर त्या खळग्यात पाणी साचते आणि तिथूनच दांड्यालगत खाली मुरते.

आपल्याकडे जुना लाकडी जिना, सज्जा किंवा कुंपण असेल, तर जिथे लाकूड सर्वांत उशिरा वाळते तिथला एक स्क्रू काढा आणि डोक्याकडे न पाहता दोन लाकडांच्या सांध्यातला भाग न्याहाळा. पांढरट भुकटी असेल, तर जस्त अजून काम करत आहे. तांबूस गंज असेल, तर जस्त संपले आहे. दांडा बारीक झाला असेल, तर त्या ओळीतले सगळे स्क्रू बदलेपर्यंत त्या भागावर कोणालाही उभे राहू देऊ नका.