शिंपल्यांची वाळू, पीटची जमीन आणि मधल्या आमरी

नमस्कार. काष्ठौषधींच्या दुकानात सालमपंजा नावाचा वाळलेला कंद मिळतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तो हिमालयातल्या उंच कुरणांवर वाढणाऱ्या एका आमरीचा, म्हणजे ऑर्किडचा, कंद आहे आणि त्याला बोटांसारखे फाटे असतात म्हणून तो पंजा. या प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे, शास्त्रीय नाव ठेवणाऱ्यांनाही हेच सुचले. डॅक्टिलोरायझा या ग्रीक नावाचा अर्थ बोटांसारखे मूळ असाच आहे. आज मला या सालमपंजाच्या दूरच्या बहिणींविषयी बोलायचे आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरातील हेब्रिडीज बेटांवर त्या वाढतात आणि एकमेकींशी सहजपणे संकर करतात.

आधी त्या बेटांची जमीन समजून घेऊ, कारण पुढचे सारे तिच्यामुळेच घडते. त्यांपैकी नॉर्थ युइस्ट किंवा साउथ युइस्ट या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर शिंपल्यांच्या चुऱ्याची पांढरी वाळू आहे. वाऱ्याने ती आत पसरून जो सपाट गवताळ पट्टा तयार झाला, त्याला तिथल्या गेलिक भाषेत माखर म्हणतात. ही जमीन चुन्याने समृद्ध आहे. तिथून बेटाच्या मध्याकडे थोडे चालत गेले की पायाखाली काळे, ओलसर, आम्लधर्मी पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, लागते. माखरावर डॅक्टिलोरायझा फुक्सिआय ही ठिपकेदार आमरी फुलते, तर तिच्यासारखीच दिसणारी मॅक्युलाटा ही जाती पीटवर वाढते. एकीला चुना हवा असतो आणि दुसरीला तो सोसत नाही. मोठ्या भूप्रदेशावर या दोन प्रकारच्या जमिनी एकमेकींपासून कित्येक मैल दूर असू शकतात. बेटावर मात्र त्या शेजारी आहेत आणि जिथे वाळूचा थर पातळ होत होत पीटला भिडतो, तिथे दोन्ही जाती एकाच वेळी फुललेल्या सापडतात.

त्यांच्यामध्ये परागांची ने-आण करणाऱ्या बंबलबी माश्यांना हा भेद कळत नाही, आणि त्याचे कारण मला फार विलक्षण वाटते. या आमरींच्या फुलात मधाचा थेंबही नसतो. फसलेली माशी दोनचार फुले तपासते आणि निघून जाते. जाताना परागांचे दोन पुंज तिच्या डोक्याला घट्ट चिकटलेले असतात. चार्ल्स डार्विनने 1862 साली आमरींच्या परागणावर ग्रंथ लिहिला, त्यात त्याने पेन्सिलीच्या टोकावर असे पुंज काढून घेऊन दाखवले आहे की, आधी ताठ उभा असलेला पुंज थोड्याच वेळात आपल्या देठावर पुढे वाकतो आणि वाकल्यावरच तो पुढच्या फुलाच्या चिकट कुक्षीला, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या भागाला, बरोबर भिडू शकतो. तेवढ्या वेळात माशी दुसऱ्या रोपावर गेलेली असते. स्वपरागण टाळण्याची ही रचना आहे, पण ते दुसरे रोप कोणत्या जातीचे असेल याची हमी तिच्यात नाही.

संकर झाला, तरी पुढे त्याचे काय होते हे गुणसूत्रांच्या संख्येवर ठरते. फुक्सिआयच्या पेशीत 40 गुणसूत्रे असतात आणि मॅक्युलाटाच्या पेशीत 80. त्यांच्या संततीला 20 आणि 40 मिळून 60 येतात, म्हणजे 20चे तीन संच. युग्मक, म्हणजे प्रजननपेशी, तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात आणि तिघांची जोडी लागत नाही, म्हणून हे रोप धडधाकट वाढले, उत्तम फुलले, तरी बहुतांशी वांझ राहते. याउलट याच प्रजातीतली, ओलसर जागी वाढणारी गडद जांभळी पर्प्युरेला घ्या. तिची गुणसूत्रे 80, मॅक्युलाटाचीही 80, त्यामुळे त्यांचा संकर प्रजननक्षम असतो, तो दोन्ही पालकांशी पुन्हा संकर करतो आणि काही ठिकाणी असा सरमिसळ समूह तयार होतो की, कोणते रोप शुद्ध म्हणावे हे अनुभवी वनस्पतिशास्त्रज्ञालाही सांगता येत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक हेस्लॉप-हॅरिसन यांनी 1950च्या दशकात या गटावर बारकाईने काम केले, तेही अशा समूहांची मोजमापे घेत घेतच.

पण ही पर्प्युरेला आली कुठून? फार पूर्वी फुक्सिआयच्या वंशातील एका आमरीचा लालसर इन्कार्नाटा या दुसऱ्या जातीच्या वंशाशी संकर झाला. दोन्हीकडे 40 गुणसूत्रे होती, पण ती परस्परांशी नीट जुळणारी नव्हती. कधीतरी त्या संकरात सगळीच गुणसूत्रे दुप्पट झाली, प्रत्येकाला आपला जोडीदार मिळाला आणि 80 गुणसूत्रांची, स्वतःच्या बळावर प्रजनन करणारी नवी जाती उभी राहिली. हरितलवकातील, म्हणजे पानांना हिरवा रंग देणाऱ्या पेशीभागातील, डीएनए बहुधा आईकडूनच येतो. त्यावरून असे दिसते की, या घटनांमध्ये आई सहसा फुक्सिआयच्या बाजूची होती. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे मिकाएल हेद्रेन आणि लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातील संशोधक यांच्या कामातून हेही स्पष्ट झाले की, असे एकदाच नव्हे तर वेगवेगळ्या काळी पुन्हा पुन्हा घडले आहे. एब्युडेन्सिस ही बुटकी, पानांवर गडद डाग असलेली जांभळी आमरी अशाच उगमाची आहे आणि साऱ्या जगात ती फक्त नॉर्थ युइस्टच्या माखरावर सापडते.

आपल्या भाषेत ‘संकर’ या शब्दाला ‘वर्णसंकर’ या शब्दाचा जुना डाग आहे. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच भेसळ, बिघाड असे काही येते. या फुलांबाबत तो अर्थ पूर्णपणे चुकीचा आहे, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. आज नावानिशी जपली जाणारी एब्युडेन्सिस कधीकाळी वाळूतले एक अनोळखी संकरित रोप होती, आणि त्या वेळी कोणी ‘शुद्ध’ जातींची यादी करून उरलेले उपटले असते, तर ती झालीच नसती.

म्हणून जपायची ती केवळ एखादी जाती नव्हे, तर त्या जाती जिथे भेटतात ती जागा. डार्विनने ठिपकेदार आमरीच्या एका बोंडात 6,200 बिया मोजल्या होत्या. पण धुळीइतक्या बारीक अशा त्या बीमध्ये अन्नसाठा जवळजवळ नसतो. जमिनीतील योग्य बुरशी भेटली तरच ती रुजते. जमीन नांगरून रासायनिक खत टाकले किंवा पीटमधले पाणी चर खणून काढून टाकले, तर फूल आणि बुरशी दोघांचाही आधार जातो. हेब्रिडीजमधल्या लहान शेतकऱ्यांच्या जुन्या वहिवाटीत माखरावर समुद्रशैवालाचे खत पडत असे आणि उन्हाळ्यात गुरे आतल्या पीटच्या माळावर नेली जात. त्यामुळे जूनमध्ये आमरी फुलून पुढे त्यांची बोंडे तडकेपर्यंत किनाऱ्यावरचे गवत कोणी चरत नसे. गुरे खाली परतत ती त्यानंतर, थंडीच्या तोंडावर, आणि दाटलेले गवत चरून पुढच्या वर्षीच्या लहान रोपांना उजेड मोकळा करून देत.