कापितानो एक, जोर तीन जागी

मे २०१७. रोमचं स्टेडिओ ओलिम्पिको खच्चून भरलंय, फुटबॉलपटू फ्रान्चेस्को तोत्तीची रोमा क्लबकडून शेवटची मॅच, आणि रोमवाले ज्याला वर्षानुवर्षं नुसतं 'कापितानो' म्हणत आले तो आज मैदान सोडतोय. कापिताऽनो, म्हणजे इटालियनमध्ये कॅप्टन. (सबटायटलमध्ये ऽ दिसेल तिथे जोर द्यायचा, बरं का.)

आता अक्षरं तीच ठेवा, फक्त जोर उचलून पहिल्या अक्षरावर टाका. काऽपितानो. कॅप्टन गायब! अर्थ झाला 'ते घडतात'. आणि जोर शेवटी नेला, कापितानोऽ, तर 'त्याने नेतृत्व केलं'. लिहिताना या तिघांत फक्त शेवटच्याच्या डोक्यावर तिरकी रेघ येते, बाकीचे दोन कागदावर हुबेहूब सारखे, वाचणाऱ्याने वाक्यावरून काय ते ओळखायचं.

आपल्या कानाला ही सवयच नाही. आपण ऱ्हस्व-दीर्घावरून भांडतो, पण जोर इकडचा तिकडे गेला म्हणून मराठीत क्रियापदाचा काळ बदलत नाही. तिकडे बदलतो. पाऽर्लो म्हणजे मी बोलतो, पार्लोऽ म्हणजे तो बोलला.

खरी गंमत वर्तमानकाळात आहे. आबिताऽरे म्हणजे राहणे. मी राहतो, आऽबितो. तो राहतो, आऽबिता. आम्ही राहतो, आबित्याऽमो. तुम्ही राहता, आबिताऽते. म्हणजे आम्ही-तुम्ही आले की जोर पुढे सरकला, मग आपल्याला वाटतं 'ते'मध्येही सरकणार, आणि आपण ऐटीत म्हणतो आबिताऽनो. चुकलं! आऽबितानो. आ-बि-ता-नो, जोर पहिल्यावर, मागची तीन अक्षरं नुसती घसरत येतात.

असं का? लॅटिनमध्ये हे रूप होतं हाऽबितांत, अक्षरं तीन, जोर पहिल्यावर. इटालियनला शब्दाच्या शेवटी व्यंजन फारसं झेपत नाही, तिथला 'त' गळला, शेवटी 'ओ' चिकटला, एक अक्षर वाढलं आणि जोर मात्र होता तिथेच बसून राहिला.

अक्षरं तोडायची पद्धतही बघा. 'ते संपवतात' म्हणजे फिनिऽस्कोनो, तोडतात फि-नि-स्को-नो, 'स' पुढच्या अक्षरात, अगदी आपल्या जोडाक्षरासारखा. पण लेऽज्जेरे, म्हणजे वाचणे, तिथे जुळं व्यंजन मधोमध चिरतात, लेज्-जे-रे. इथे आपलं जोडाक्षर फसवतं, कारण आपण लिहिताना दोन्ही 'ज' एकत्रच बांधतो.

आणि क्रियापदाला मागून सर्वनामं चिकटली की शेपूट वाढतच जाते. फाऽब्ब्रिकामिचेलो, 'ते मला तिथे बनवून दे', जोरानंतर चक्क पाच अक्षरं! हे उदाहरण व्याकरणवाले हौसेने देतात, रस्त्यावर सहसा कोणी बोलत नाही. रोजच्या बोलण्यात असतं ते साधं, 'फोन कर मला'.

तेलेऽफोनामि. म्हणून बघा. नाही, 'ना'वर नाही. 'ले'वर.